पूर्णेचा काटा, बोरीचा काटा

पूर्णेत मी पहिलं पाऊल टाकलं ते थेट वजनकाट्यावर. सांगलीकडून दोन बॅगा आणि पुस्तकांचं एक खोकं घेऊन मी भाड्याची खोली बघायला गेले होते. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. कपाळावर विभूतीचे पट्टे, कानावर पेन्सिल आणि नजर माझ्या बॅगांवर.

"सामान खाली ठेवू नका," ते म्हणाले. "हातात धरूनच इथं उभं ऱ्हावा."

ओसरीत लोखंडी पाटाचा, दांड्यावर सरकतं वजन असलेला काटा होता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात असतो तसला. मी निमूटपणे उभी राहिले. मग सामान उतरवून पुन्हा उभी राहिले. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली, एका लांबट वहीत 'आवक' असं लिहिलेल्या पानावर माझं वजन वेगळं आणि सामानाचं वेगळं मांडलं, आणि मगच आत हाक मारली, "ऐकलं का, मॅडम आल्यात. चहा टाका." बाईमाणसाला वजन विचारू नये हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. ते विचारत नव्हतेच, करत होते.

हे आमचे घरमालक. त्यांची उभी नोकरी पूर्णेच्या मालधक्क्यावर गेली. वॅगनमधून उतरलेली पोती मोजायची, कागदावर लिहिलेली पोती वाचायची आणि दोन्हींत फरक का पडला ते शोधायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर बरोबरीचे लोक काशीला जाऊन आले, हे भंगाराच्या लिलावातून काटा घेऊन आले. गल्ली त्यांना बाबूसाब म्हणायची. मी काका म्हणायचे, कारण काकूंनी तसं बजावलं होतं. मी तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायला आले होते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चं लिहीत होते. म्हणजे लिहीत आहे असं सगळ्यांना सांगत होते.

काकांची रीत एकच. कुणीही काही दिलं-घेतलं असं कानावर आलं की ते दोन्हीकडं जाऊन विचारायचे. शेजारीण म्हणाली, मी पलीकडच्या घरी वाटीभर भाजी दिली, की हे पलीकडं जाऊन वाटी बघून यायचे. दूधवाल्याचं माप कमी भरलं तर त्याच्यावर ओरडायचे नाहीत. "तुमच्या घरी एक लिटर होतं, मान्य. माझ्या दारात पाऊण हाय, हेबी मान्य. मधी सायकलवर काय झालं ते सांगा." दूधवाला बिचारा सायकलकडं बघत बसायचा. गल्लीतल्या भांडणात मात्र त्यांना पंच म्हणून कुणी बोलवत नसे, कारण तासभर ऐकून घेऊन ते शेवटी म्हणायचे, दोघंबी बराबर हायेत. त्यानं भांडण मिटायचं तर नाहीच, दोघं मिळून काकांवर घसरायचे.

पुढच्याच स्टेशनावर, चुडाव्याला, त्यांचा एक जुना सोबती राहायचा. पूर्णेहून मालगाडी सुटली की काका गच्चीवरून डबे मोजायचे आणि त्याला फोन करायचे. तोही मोजायचा. दर वेळी एकाचा फरक. मधल्या वाटेत डबा कसा हरवेल, असं मी विचारलं तर काका हसले. "हरवत न्हाई. तो शेवटचा गार्डाचा डबा मोजतो, मी मोजत न्हाई. तीस वर्सं झाली. त्यालाबी ठाव हाय, मलाबी ठाव हाय."

"मग एकदा ठरवून का टाकत नाही?"

"ठरवलं तर फोन कशाला करायचा?"

माझी पीएच.डी. अडली होती ती याच जागी, फक्त माझी मालगाडी फार मोठी होती. आपल्या देशातून शेजारच्या देशात कापूस आणि सूत किती गेलं, हा माझा विषय. आपलं सरकार सांगतं, इतकं पाठवलं. त्यांचं सरकार सांगतं, इतकं मिळालं. दोन्ही आकडे सरकारी, दोन्ही शिक्क्याचे, आणि कुठल्याही वर्षी एकमेकांशी जुळतील तर शपथ. माझे मार्गदर्शक म्हणाले, आकडे जुळत नाहीत म्हणजे तुमची बेरीज चुकतेय, जुळवून आणा. मी तीन वेळा बेरीज केली. चौथ्या वेळी मनात आलं, एक रकाना हलकेच सरकवला तर कुणाला कळणार आहे? ओसरीत कागद पसरून मी हाच विचार करत बसले होते तेव्हा काका मागं येऊन उभे राहिले.

"ह्यात तुमची चूक न्हाई," ते म्हणाले. "कुणाचीच न्हाई. आपण कुठं उभं ऱ्हाऊन मोजलं?"

"आपल्या बंदरात. माल जहाजावर चढताना."

"आन् त्यांनी?"

"त्यांच्याकडं उतरल्यावर."

"मंग मधलं जहाजाचं भाडं, इम्याचा खर्च, त्यांच्या आकड्यात आला. आपल्यात न्हाई आला. तेवढ्यापायी त्यांचा आकडा फुगणार." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "आता ह्या वर्षी त्यांचा कमी कसा? तर आपलं वर्ष मार्चला खलास. त्यांचं?"

"जूनला."

"मंग. आन् काही माल तिसऱ्याच देशाच्या बंदरात उतरून गेला असंल. आपण लिवलं, अमक्याला पाठवला. त्यांनी लिवलं, तिसऱ्याकडून आला. माल एकच, मॅडम. वाटा लय."

कस्टमच्या हद्दीवरून गुपचूप जाणारा माल, एकानं सूत म्हटलेलं दुसऱ्यानं कापड म्हणणं, हेही त्यांनी त्याच बैठकीत उलगडलं. जगातल्या मोठमोठ्या संस्थांचे अहवाल मी वर्षभर वाचत होते, त्यांत हे सगळं होतं. पण पोत्याला हात लावलेल्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर ते मला पहिल्यांदा खरं वाटलं. मी त्यांना रकाना सरकवायचा विचार बोलून दाखवला. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

मग त्यांनी धक्क्यावरच्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याच्या वहीत पाठवलेला आणि पोचलेला माल पोत्याला पोतं जुळायचा. साहेब त्याची वही इतरांना दाखवायचे. काकांनी आठवडाभर लक्ष ठेवलं, तर तो गृहस्थ खुर्चीतून उठतच नव्हता. पाठवणाऱ्याचा कागद समोर ठेवायचा आणि तेच आकडे आपल्या वहीत उतरवायचा. "ध्यानात ठेवा," काका म्हणाले. "दोन्हीकडचं तंतोतंत जुळलं की समजायचं, दुसऱ्यानं मोजलंच न्हाई."

एवढा शहाणा माणूस. पण त्याच संक्रांतीला त्यांनी जे करून ठेवलं ते त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

त्यांची एकुलती मुलगी कांता बोरीला दिली होती. व्याह्यांचं तिथं धान्याचं आडत दुकान. भला माणूस, पण तोही वहीतला. दोन्ही घरांत आहेराची वही होती, अशी सगळीकडेच असते म्हणा, पण या दोघांच्या वहीत आहेर किलोवर लिहिलेला असायचा. संक्रांतीला व्याह्यांनी नवी तूरडाळ पाठवली, पन्नास किलो. पोतं वाटेत परभणीला काकूंच्या बहिणीकडं उतरलं, तिथून दुसऱ्या दिवशी पूर्णेला आलं. काकांनी काट्यावर टाकलं तर साडेसत्तेचाळीस. झालं. जुन्या सवयीनं काकांनी कमी माल मिळाल्याचा दाखला लिहिला, खाली सही केली, तारीख घातली आणि व्याह्यांना पोस्टकार्डावर धाडला. फोन का केला नाही, तर फोनला लेखी पुरावा नसतो.

पोस्टकार्ड बोरीला पोचलं ते बाजाराच्या दिवशी. व्याह्यांना चष्मा सापडेना म्हणून पोस्टमननंच ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दुकानात माल घेऊन आलेले वीसेक शेतकरी उभे. 'आपल्या काट्यावरील पन्नास किलो, प्रत्यक्षात साडेसत्तेचाळीस.' ज्याची रोजीरोटी काट्यावरच्या विश्वासावर आहे त्याच्या दुकानात हे वाचलं गेलं. कुणी हसलं नाही, हेच वाईट. दोघंतिघं आपली पोती उचलून शेजारच्या आडतीवर गेले म्हणे.

व्याह्यांचा निरोप आला तो पाच शब्दांचा. कांताचं पहिलं बाळंतपण बोरीलाच होईल.

कांताला तेव्हा चौथा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मोडली म्हणजे नातं मोडल्यासारखंच. काकूंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी काकांशी बोलणं बंद केलं आणि काट्यावर पाय ठेवणं बंद केलं. दर सोमवारी सगळ्या घराचं वजन व्हायचं, त्या रकान्यात काकूंच्या नावापुढं रेघा पडायला लागल्या. काका रोज ती रेघ बघायचे आणि वही मिटायचे. मला दोघांचीही कीव यायची, आणि खरं सांगायचं तर काकांचा रागही यायचा.

"काका, तुम्हीच मला शिकवलंत ना, की चूक कुणाचीच नसते?" मी शेवटी विचारलंच.

"देशाचं येगळं," ते म्हणाले. "देशाला कुठं लेक दिलीय मी?"

सातवा महिना लागला तसं माझ्यानं राहवेना. कॉलेजच्या परीक्षा संपल्या त्या दिवशी मी काकांच्या आहेराच्या वहीचे फोटो मोबाइलवर घेतले, परभणीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं जिंतूरच्या एसटीनं बोरीला गेले. व्याही गल्ल्यावर बसले होते. समोर लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा, आणि मागं भिंतीवर खिळ्याला अडकवलेलं ते पोस्टकार्ड. मी कोण ते सांगितल्यावर ते अदबीनं उठले, चहा सांगितला, पण कार्डाकडं बोट दाखवल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, डाळीचं जाऊ द्या. वर्षभरात पूर्णेहून आमच्याकडं आलं काय? दोन पिशव्या. आमी कधी बोललाव का?"

काकांच्या वहीत पूर्णेहून बोरीला गेलेल्या नऊ गोष्टी होत्या. पापड, कुरडया, केळ्यांचे घड, कांतासाठी काय काय. मी व्याह्यांची वही मागून घेतली आणि दोन्ही समोरासमोर लावल्या. मला हसू आवरेना. माझं अडलेलं प्रकरण त्या गल्ल्यावर उघडं पडलं होतं. उरलेल्या सात गोष्टी व्याह्यांच्या वहीत होत्या, पण 'परभणी' या नावाखाली, कारण तिथून कांताच्या मावशी एसटीत ठेवून द्यायच्या. काकांचं वर्ष एप्रिलला सुरू व्हायचं, व्याह्यांचं दिवाळीच्या पाडव्याला. व्याही बारदानासकट, म्हणजे रिकाम्या पोत्यासकट, वजन लिहायचे, काका बारदान उतरवून. मी बोलत होते आणि व्याही चष्मा वरखाली करत एकेक ओळ तपासत होते.

"बारदान किलोभर," ते म्हणाले. "राहिलेलं दीड किलो?"

तेवढ्यात पडद्याआडून विहीणबाई बाहेर आल्या. "दीड न्हाई. मी तर वरून दोन किलो आणखी घातली होती, तुमी मोजल्यावर. लेकीच्या माहेरी पोतं शिगोशीग नको का जायला?"

व्याह्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणजे पोतं निघालं बावन्न भरून. परतीच्या वाटेवर परभणीला मावशींना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, "मी काढून घेतली की साडेतीन किलो. आक्कानंच सांगितलंय, आल्या मालातून तुझा वाटा काढत जा." आक्का म्हणजे आमच्या काकू. दोन पुरुष दोन टोकांना काटे धरून बसले होते आणि मधला सगळा व्यवहार बायका बिनबोभाट चालवत होत्या.

पण व्याह्यांनी मला निघताना अट घातली होती. "दाखला त्यांनी लिवला. चारचौघांत वाचला गेला. आता बाजाराच्या दिवशी त्यांनीच यावं, चारचौघांत परत घ्यावा. मंग सून त्यांच्यासंगंच धाडतो." दाराशी कांता उभी होती, अवघडलेली. तिनं वडिलांबद्दल हळूच विचारलं, "आप्पा जेवतेत का नीट?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

काका आठ दिवस अडून बसले. काटा बरोबर असताना माफी कशाची मागायची? नवव्या दिवशी काकू कित्येक महिन्यांनंतर पहिलं वाक्य बोलल्या. "तुमच्या काट्यावर माझी लेक तोलू नका." काकांनी ऐकलं आणि कोट मागितला. निघताना सवयीप्रमाणं काट्यावर उभे राहिले, अठ्ठावन्न किलो चारशे. मीही सोबत गेले. परभणीला मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. वरण, पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, वर ताकाचे दोन पेले.

बोरीला दुकान भरलेलं होतं. शरणार्थ म्हणत नमस्कार वगैरे झाले. मराठवाड्यात व्याह्याला इवाई म्हणतात. "या इवाई," म्हणत व्याह्यांनी काकांना खुर्ची न देता आपला इलेक्ट्रॉनिक काटा दाखवला. "आधी उभं ऱ्हावा."

काका ताठ मानेनं उभे राहिले. लाल आकडे थरथरले आणि थांबले. साठ किलो शंभर.

"पूर्णेहून किती होते?"

"अठ्ठावन्न चारशे," काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं.

"मंग वाटंत एक किलो सातशे कुठं मिळवलं?"

या वेळी शेतकरी हसले. काकांनी चपला काढल्या, पण त्या तर पूर्णेतही पायात होत्या. मग कोट काढला. कोटाचा खिसा फुगलेला होता. त्यांनी हात घातला तर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले डिंकाचे लाडू निघाले. पूर्णेत काकांचं वजन करून झाल्यावर, कोट नीट करायच्या निमित्तानं, काकूंनी ते सरकवले होते. लेकीसाठी. नवऱ्याच्या वहीत न लिहिता. उरलेला फरक अर्थातच मावशींच्या वरणपोळीचा आणि ताकाचा.

काकांनी ते लाडू पुन्हा फडक्यात बांधले. मग म्हणाले, "काटे दोनी बराबर हायेत. मधल्या वाटेचा हिसाब मी धरला न्हाई. माझी चूक."

त्यांनी खिळ्यावरचं पोस्टकार्ड उतरवलं, कानावरची पेन्सिल काढली आणि त्याच मजकुराखाली लिहिलं, 'वरील फरक वाटेतील आहे. पाठवणाऱ्याच्या काट्यात दोष नाही.' खाली सही, तारीख. आणि पोस्टमनच्या आवाजाइतक्याच मोठ्या आवाजात ते सगळ्यांना वाचून दाखवलं. व्याह्यांनी कार्ड घेतलं आणि पुन्हा खिळ्याला लावलं. यावेळी मान तुकवून काकांना खुर्ची दिली.

कांता आमच्यासोबतच आली. पूर्णेत आल्या आल्या तिला काट्यावर उभं करायला काका पुढं झाले, तर काकूंनी नुसतं बघितलं. ते मागं सरकले.

तिला मुलगी झाली. माझं प्रकरणही त्याच सुमारास मार्गी लागलं. आकडे जुळवण्याऐवजी ते का जुळत नाहीत यावर मी चाळीस पानं लिहिली. मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला आणि मग, वाचून झाल्यावर, सही केली. पण त्या दिवसांत माझ्या प्रकरणाकडं कुणाचं लक्ष होतं? घरात एकच वही उघडी असायची, नातीची. काका तिला उचलून काट्यावर उभे राहायचे, मग तिला काकूंकडं देऊन एकटे उभे राहायचे, आणि वजाबाकी करून कागद सगळ्या गल्लीत फिरवायचे.

तिसऱ्या महिन्यात व्याही गाडी घेऊन आले. निघायच्या आधी काकांनी नातीला शेवटची तोलली. झबल्याटोपड्यासकट पाच किलो सहाशे. त्यांनी जावकच्या पानावर तसं लिहिलं, पुढं 'बोरी' आणि 'फरक' असे दोन रकाने मोकळे ठेवले. गाडी वळल्यावर काका ओसरीत येऊन बसले ते चहालाही उठले नाहीत. घर एकदम मोठं वाटायला लागलं होतं, मलासुद्धा.

दिवेलागणीला फोन आला. काकांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"पोचलाव सुखरूप," व्याही म्हणाले. "मावशींनी दोन तास ठेवून घेतलं. निघताना पोरगी किती भरली होती?"

"पाच सहाशे."

"इथंबी पाच सहाशेच भरली, इवाई. तंतोतंत."

काकांनी फोन खाली ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, "त्यांचा काटा दहा ग्रॅमबी दावतो. पोर वाटंत दोनदा दूध पेली असंल. मावशीनं नवं झबलं घातलं असंल. तंतोतंत कशी भरंल?" त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "मोजलंच न्हाई त्यांनी. माझाच आकडा घेतला."

मला वाटलं आता पोस्टकार्ड निघणार. काकांनी वही उघडली, बोरीच्या रकान्यात पाच किलो सहाशे लिहिलं, फरकाच्या रकान्यात शून्य घातलं आणि डोळे पुसून खाली सही केली. न मोजलेल्या आकड्याखाली त्यांची सही मी तेवढी एकदाच पाहिली.